मागचा पत्रा

फरामजीशेठनी गाडीच्या मागच्या बाकावर बोटांनी टकटक केली.

"शलमोन, हे काय?"

"बाक हाय शेठ. चार माणसं बसावीत म्हणून."

शेठनी चष्मा काढून पुसला. मिशनच्या पाद्रीसाहेबांनी विलायतेला परत जाताना आपल्या ड्रायव्हरला, शलमोनला, लाल रंगाची, बिनटपाची, दोन सीटांची एम.जी. मोटार बक्षीस दिली होती. गाडी अशी की पाहणाऱ्याने पाहतच राहावं. पण शिरूरात जो तो येऊन एकच विचारायचा, किती माणसं बसत्यात? दोन म्हटलं की गडी हसून चालता व्हायचा. मुलीला, ग्लॅडिसला, मिरजेला नर्सिंगला प्रवेश मिळालेला, जूनपर्यंत चारशे रुपये भरायचे, आणि गाडीला गिऱ्हाईक नाही. निमोण्याचे पोपटराव तीनदा येऊन गेले. तिसऱ्या खेपेला म्हणाले, मागं दोघं बसतील असं करा, घेतो. शलमोनने दौंडच्या जालिंदर वेल्डरकडून डिकी कापून बाक बसवला. तोवर पोपटरावांनी जुनी जीप घेतली. वर आठच दिवसांनी मुंबईहून या जुन्या गाड्यांच्या व्यापारी शेठचं पत्र आलं. परदेशी गाड्यांची आयात बंद आहे, अशा दोन सीटांच्या गाडीला इथे वाटेल तो भाव मिळतो. डोकं फिरायचंच बाकी होतं.

"कापलेला पत्रा कुठे आहे?"

शलमोनच्या बायकोने, कृपाबाईंनी, कोंबड्यांच्या खुराड्याकडे बोट केलं. लाल पत्रा वर छप्पर म्हणून बसला होता आणि त्यावर कोंबडी.

"जशीच्या तशी असती तर चार हजार दिले असते," शेठ म्हणाले. "आता सुट्या भागांसाठी नेणार. साडेचारशे. तो पत्राही काढून द्या."

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. पण धुपाटण्यात फी तरी भागत होती. पाद्रीसाहेबांची गाडी मुंबईत खिळा खिळा सुटी होणार, हे मात्र शलमोनला गिळवेना. तो खुराड्याकडे निघाला.

फाटकाशी पोपटराव उभे होते. यांना आजच यायचं होतं.

"गाडी इकू नका, शलमोन. पोरीची वरात हाय. नवरा-नवरी मागं बसतील. भाडं काय घ्याल?"

"तुमच्याकडं जीप हाय की," शलमोन करवादला. "तुमच्या पायी तर गाडी कापली मी."

"जीपला टप हाय. नवरी दिसत न्हाई कुणाला. पन्नास देतो."

शलमोनने बाकाकडे पाहिलं.

"निमोण्यात यंदा लग्नं किती?"

"जूनच्या आत नऊ. समदी माझ्याच भावकीतली. समद्यांना हीच गाडी लागंल."

शेठ घड्याळ बघत होते. कृपाबाई कोंबडीला हुसकून पत्रा ओढायला लागल्या होत्या.

"ग्लॅडिसच्या आई," शलमोन म्हणाला, "राहू दे तो पत्रा तिथंच. पावसाळ्यात कोंबड्यांना लागंल."