चौकटीबाहेर गेलेलं नाव

माझ्या थोरल्याच्या हातात कात्री आली की त्याची अक्कल गहाण पडते. फ्रेमचं दुकान त्याचं. चौकट लहान निघाली की चित्र कापायचं, ही त्याची जन्माची खोड.

माझी धाकटी लेक गेली त्याला तीन वर्षं झाली. फोटो काढायचा म्हटलं की पळायची, म्हणून घरात तिचा धड फोटो नाही. वाचनालयात पुस्तकांवर शिक्के मारायची. तिथेच एका चित्रकार बाईंनी तिचं चित्र काढलं आणि पुढे ते प्रदर्शनात लागलं. थोरल्याने गुपचूप मोबाईलवर त्याचा फोटो घेतला, छापला, चौकटीत बसवला आणि माझ्या पलंगासमोर लावला. मी नुसती बघत बसले.

परवा त्याचा डबा घेऊन दुकानात गेले, तर काचेत माझी लेक! त्याच चित्राची आणखी एक प्रत, चौकटीचा नमुना म्हणून टांगलेली. एक गिऱ्हाईक विचारतं, "मॉडेल कोण हो ही?"

"माझी मुलगी," मी म्हटलं. मग थोरल्याकडे वळले.

"बाईंना विचारलंस का रे?"

"आई, आपल्याच माणसाचं चित्र. त्यात विचारायचं काय?"

मी उशीच्या अभ्र्यांवर भरतकाम करते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचं पान असतं, ती माझी खूण. एकीने ते उसवून माझं काम स्वतःचं म्हणून मिरवलं होतं. तिच्याशी मी आजही बोलत नाही. आता तेच माझ्या पोराने केलं, तर तोंड कुठे लपवू?

घरचं चित्र चादरीत गुंडाळलं आणि पत्ता विचारत बाईंचं घर गाठलं. ठरवूनच गेले होते, परत मागितलं तर देऊन टाकायचं.

बाईंनी चित्र बघितलं. "घरात बघायला लावलंत, त्याला मी कशी नाही म्हणेन? मागितलं असतं तर मीच छापून दिलं असतं, अजूनही देईन. पण मागायला त्याने यावं. आणि दुकानात नको." मग आतून मूळ चित्र आणलं. "इथे खाली माझं नाव आहे, आजी. तुमच्या चित्रात ते कापलं गेलंय."

नाव होतं. आणि नावाशेजारी माझ्या लेकीची बोटं, शाईने जांभळी झालेली. रोज संध्याकाळी मोरीत घासत बसायची ती. माझ्या भिंतीवर ती बोटं नव्हतीच.

घरचं चित्र तिथेच ठेवलं आणि तडक दुकानात आले. थोरला खिळे ठोकत होता.

"हातोडी ठेव. काचेतलं चित्र उतरव, आत्ता, माझ्यादेखत. मग त्या बाईंकडे जा, चुकलो म्हण आणि रीतसर माग. देतील ते नावासकट आण, नाहीतर माझी भिंत रिकामी राहू दे. आणि चौकट लहान पडली तर चौकट मोठी कर. नावाबरोबर बहिणीची बोटं कापलीस तू. पुन्हा तिला कात्री लावायची नाही."