पॉलिशपेपरच्या खुणा

रंगाऱ्यानं त्या सकाळी स्वतःच्या हातानं चहा केला आणि साखर समजून त्यात कपडे धुवायची पावडर घातली. तोंडाला फेस येणं म्हणजे काय, ते त्याला पहिल्याच घोटाला कळलं. बायको धावत आली तेव्हा तो सिंकवर वाकून चुळा भरत होता आणि कपाचे तुकडे जमिनीभर पसरले होते.

"पोरीला फोन लाव," तो म्हणाला. "म्हणावं, ये आणि घेऊन जा आम्हाला. माझ्याच्यानं आता होत नाही."

काचबिंदूनं त्याची नजर नेली, त्याला वर्ष होत आलं होतं. खिडकी कुठं आहे तेवढं उजेडावरून कळे, बाकी सगळा अंधार. आयुष्यभर लोकांच्या भिंती रंगवलेला माणूस. आता स्वतःच्या घराची भिंत त्याच्या कपाळाला येऊन आपटत होती.

पोरगी दुसऱ्या शहरात शाळेत शिकवायची. ती केव्हाची मागं लागली होतीच. "सुट्टी लागली की टेम्पो घेऊनच येते," ती म्हणाली, आणि आनंदानं रडली.

बायकोनं फोन ठेवला, पण तिच्या मनाला ते पटेना. पोरीचं घर चांगलं होतं, जावई तर सोन्यासारखा. पण मागं तिथं राहायला गेले होते तेव्हाचं तिला आठवत होतं. पाण्याचा पेला हातात, चपला पायात, घास ताटात मोडून तयार. रंगारी दिवसभर सोफ्यावर बसून. आणि एका दुपारी त्यानं हळूच विचारलं होतं, "अगं, मी जेवलो का?" माणूस खाऊनपिऊन सुखी असेल, पण तो हळूहळू पुसला जात होता.

"टेम्पो येईल तेव्हा येईल," ती तुकडे गोळा करत म्हणाली. "तोवर हे घर तुमच्या हाताला कळलं पाहिजे. नाही जमलं तर मी स्वतः सामान बांधते."

"हाताला कळलं पाहिजे म्हणजे?"

तिनं पदर खोचला. पलंगाखाली शिरली आणि एकेक खोकं बाहेर ओढू लागली.

ही बाई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला होती. मशीनमध्ये तुटून पडलेली, कुणी न मागितलेली बटणं ती डब्यात भरून आणायची. शिवाय घरात बाटल्यांची झाकणं, रबरबँड, सायकलची जुनी ट्यूब, जोडीदार हरवलेले मोजे, झिजलेले टूथब्रश, तुटक्या छत्रीच्या काड्या. काही म्हणून बाहेर जायचं नाही. रंगारी तिला लाडानं आणि रागानंही 'भंगारमालकीण' म्हणायचा.

"उघडलं का दुकान?" तो खोक्यांच्या आवाजावरून म्हणाला.

"उघडलं. गिऱ्हाईक एकच आहे, पण नाठाळ आहे."

दोन दिवस तिनं कंबर कसून काम केलं. मिठाच्या बरणीला एक बटण चिकटवलं, साखरेच्या बरणीला दोन, चहाला तीन. तेलाच्या बाटलीला एक रबरबँड, फिनेलच्या बाटलीला चार. पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीवर चादरीच्या काठाची पट्टी ठोकली. स्विचच्या पाटीवर बाटल्यांची झाकणं बसवली. कपड्यांच्या कप्प्यांना मोज्यांच्या गाठी बांधल्या. एखाद्या पोराच्या वाढदिवसाला सजावं तसं घर सजलं.

मग तिनं त्याला उभं केलं. "करा चहा."

रंगाऱ्यानं बरणी उचलली. बटणं चाचपली. "दोन. दोन म्हणजे... मीठ?"

"साखर! मीठ एक."

"आणि हे चार रबर?"

"ते फिनेल. ते तिथं कुठून आलं? द्या इकडे."

"अगं बाई!" तो ओरडला. "एक म्हणजे मीठ, एकच म्हणजे तेलही, तीन म्हणजे चहा, मोज्याची गाठ म्हणजे बनियन. मी काय पाढे पाठ करत बसू? डोळे गेलेत माझे, आणि तू माझी परीक्षा घेतेयस!" त्यानं बरणी ओट्यावर आपटली आणि धडपडत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला.

तिचेही डोळे भरून आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, तिला वाटलं. पण ती चिवट होती. चुकलं तर चुकलं. पण कुठं चुकलं ते कळल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

दुपारी त्याचा डोळा लागलासा पाहून तिनं एक लांब काळा मोजा घेतला, डोळ्यांवर करकचून बांधला आणि स्वयंपाकघराकडे निघाली. स्वतःचंच घर, पण चार पावलांत ती हरवली. चादरीची पट्टी भिंतीशी इतकी सपाट बसली होती की बोटांना लागेच ना. ओट्याशी पोचली तर सगळी बटणं सारखीच वाटली. दोन की तीन, ते तिला स्वतःलाही सांगता येईना. रबरबँड तर घसरून बाटलीच्या तळाशी गेले होते. वळताना स्टुलावर गुडघा आपटला, स्टूल कलंडलं, त्यावरचं पातेलं खणखणत दारापर्यंत गेलं.

"कोण आहे?" रंगारी उठून बसला.

"मीच. डोळ्यांवर मोजा बांधलाय."

मग तो हसला. पोट धरून हसला. काचबिंदूनंतर असं हसणं त्या घरात झालं नव्हतं.

"या वयात आंधळी कोशिंबीर खेळतेयस?"

"खेळतेय आणि हरतेय. आता बाहेर कशी येऊ ते सांगा."

"तळहातानं चाचपू नकोस, हाताची मागची बाजू पुढं धर. डावीकडं फ्रिजची घरघर ऐकू येते? तिच्याकडं पाठ कर. आता सरळ चाल, पाय घासत. उचलू नकोस, घास."

ती त्याच्या आवाजाच्या मागं मागं आली आणि पलंगाच्या कडेला टेकली. मोजा तिनं लगेच काढला नाही.

"तुझी खूण वस्तूसारखी नाही," तो म्हणाला. "बटणाचा आणि साखरेचा संबंध काय? हाताला मोजायला लावू नको. हाताला आठवू दे."

"मग कशी हवी?"

त्यानं बोटं एकमेकांवर घासून पाहिली. मग उठला आणि दाराला बाक आलेल्या आपल्या कपाटापर्यंत स्वतःच गेला. खालच्या कप्प्यात त्याचं कामाचं सामान होतं: ब्रश, भिंत खरवडायच्या पट्ट्या, रोलर आणि पॉलिशपेपरचे उरलेले तुकडे. त्यानं एक तुकडा अंगठ्याखाली फिरवला. "हा गंज काढायचा." दुसरा फिरवला. "हा शेवटचा हात मारायचा, मऊ." वर्षभर हरवलेलं काहीतरी सापडल्यासारखा त्याचा चेहरा झाला. "कात्री आण. आणि सरस."

आता कामाची सूत्रं त्याच्याकडं गेली. जे पोटात जायचं नाही, फिनेल, पावडर, रॉकेल, त्याला सगळ्यात खरखरीत कागद, पूर्ण अंगभर. हात लागताच मागं यावा असा. मिठाच्या झाकणाला मधला कागद, मिठासारखाच कणीदार. साखरेला जुन्या पडद्याचा मखमली तुकडा. चहाला काहीच नाही. "एक तरी बरणी कोरी असू दे," तो म्हणाला, "तीही खूणच." भिंतीवरची पट्टी काढून त्यानं तिथं सायकलच्या ट्यूबच्या लांब पट्ट्या ठोकायला लावल्या, जाड आणि हाताला पकडता येतील अशा. वळणाच्या आधी एक बटण; फक्त तिथंच.

"म्हणजे माझी बटणं अगदीच वाया नाही गेली," ती म्हणाली.

"बाकीची ठेव. तुझी वस्तू वाया जायची आहे का कधी?"

जिन्याचं काम राहिलं. कठडा जिथं संपतो तिथं शेवटची पायरी चुकायची. त्यांनी प्रत्येक मजल्यावर कठड्याच्या टोकाला ट्यूबचा वेढा घातला. संध्याकाळी इमारतीचे सेक्रेटरी वर आले. "हे काय बांधलंय? इमारत आहे की गॅरेज?"

"काढायचं असेल तर आधी डोळे मिटून एकदा जिना उतरून दाखवा," ती दारात उभी राहून म्हणाली. आवाज चढवला नाही, पण दारातून हललीही नाही.

सेक्रेटरींनी चष्मा सारखा केला. "तसं नाही हो. दिसायला बरं दिसत नाही, एवढंच."

"रंग लावून देतो, कठड्यासारखाच," आतून रंगारी म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी खरंच लावून दिला. ती डबा धरून पायरी पायरी उतरत होती, तो बोटांनी कडा शोधून ब्रश फिरवत होता. दोन ठिकाणी ओघळ आले. तिनं सांगितलं नाही, पण त्यानं बोटानं चाचपून स्वतःच पुसले.

पोरगी आली ती टेम्पोसकट. दार उघडलं ते बाबांनी. तिनं घरभर नजर फिरवली, भिंतीवर रबर, बरण्यांना पॉलिशपेपर, आणि ती मटकन बसली.

"आई, हे काय करून ठेवलंयस घराचं? बांधाबांध कुठंय?"

"चहा घेशील ना?" रंगारी म्हणाला.

"बाबा, तुम्ही बसा. मी करते."

ती उठायला लागली तशी आईनं तिचं मनगट धरलं. नुसतं धरलं, सोडलं नाही.

त्यानं पातेलं ठेवलं. पाणी ओतताना पेल्यात बोट बुडवून मोजलं. गॅस पेटवताना पोरीनं डोळे गच्च मिटून घेतले. अंगठा एका झाकणावर गेला, खरखर लागताच मागं आला, शेजारच्या मखमलीवर टेकला. दूध थोडं ओट्यावर सांडलं. त्यानं फडक्यासाठी हात लांब केला, फडकं जागेवर होतं, त्यानं पुसून घेतलं. मग कप आणून पोरीच्या पुढं धरला, हातभर उजवीकडं. तिला सरकून घ्यावा लागला.

तिनं घोट घेतला. रडायला आलं, राग आला, दोन्ही एकदमच.

"आणि पडलात तर, बाबा?"

"पडेन की. तुझ्याकडं काय गादीवर पडणार होतो?"

"हसण्यावारी नेऊ नका."

"नेत नाही," आता आई बोलली. "भीती मलाही वाटते. रोज कामावर जाताना वाटते. पण बसवून ठेवलं तर मला दुसरीच भीती वाटते. तुझ्या घरी त्यांनी मला विचारलं होतं, मी जेवलो का म्हणून." तिनं लेकीचा हात सोडला. "तू वाईट केलंस असं नाही गं. तू फार चांगलं केलंस. जास्तच."

पोरीनं कपातला चहा संपवला. मग खाली जाऊन तिनं टेम्पोवाल्याला त्याचं ठरलेलं भाडं देऊन रिकामा परत पाठवला. ती चार दिवस राहिली. तिचं समाधान झालं नव्हतंच. जाताना बजावून गेली की पुढची सुट्टी लागताच पुन्हा येणार आणि एकही जखम दिसली तर कुणाचं ऐकणार नाही. पण फोनवरचं जे बटण दाबलं की तिला फोन लागेल, त्यावर तिनं स्वतःच मखमलीचा तुकडा चिकटवला.

ती गेली त्या सकाळी घर जरा सुनं वाटत होतं. रंगाऱ्यानं रोलरचा लांब दांडा काढला, टोकाला औषधाच्या बाटलीचं रबरी बूच ठोकून बसवलं आणि चपला घातल्या.

"कुठं निघालात?"

"कोपऱ्यावरून पाव आणतो."

"थांबा, मी येते."

"ये. पण मागून ये. आणि बोलू नकोस."

ती वीस पावलं मागं राहिली. दांडा फूटपाथच्या कडेला टकटक करत पुढं चालला होता. एका उभ्या मोटारसायकलशी रंगारी अडला, थांबला, त्यानं चाचपलं, शिवी हासडली आणि वळसा घालून निघाला. तिनं तोंडात बोटं घट्ट धरली होती. हाक ओठांपर्यंत आली की ती चावत होती, आणि चालत होती.