डावीकडचा ठिपका

आशिया नेमका कुठं संपतो, हे बमरोलीच्या एका प्रिंटिंग मिलमध्ये बसून ठरवायची पाळी योगेंद्रवर आली होती. जन्म गेला साड्यांवर वेलबुट्टी काढण्यात. आता शेठनं शाळांसाठी कापडी नकाशांची ऑर्डर आणली आणि कॉम्प्युटरसमोर याला जुंपलं. तपासायला भूगोलाच्या सुवर्णाबाई. त्या फोनवरून रोज एक रेघ हलवायच्या. उरल पर्वतापाशी जमलं, तर कॉकेशसपाशी गाडं अडलं.

"अहो बाई, एकदाचं सांगा ना, हद्द आहे कुठं?"

"जमिनीवर कुठंच नाही," त्या म्हणाल्या. "माणसांनी बसून ठरवलीय. पुस्तकागणिक वेगळी."

मग माझ्याच डोक्याला ताप कशाला, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. असा शीण त्याला कधी आला नव्हता.

घरीही सुटका नव्हती. उद्या कानबाईचा सण. रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू आज दळायचे, आणि खानदेशी रीतीप्रमाणे भावकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं त्यात एकेक मूठ पडते. नवागामहून आईचा, मालतीबाईंचा, सकाळपासून फोनवर एकच प्रश्न: "हेमराजनी मूठ टाकू का नई? तू मोठा शे, तू सांग."

हेमराज धाकटा भाऊ, कडोदऱ्याला लूमवर कामाला. वडील गेले तेव्हा तो पोचेपर्यंत चिता विझत आली होती. तू आता आमच्यातला नाहीस, असं योगेंद्रनं त्याला चारचौघांत सुनावलं. तेव्हापासून तो फिरकला नव्हता. आईला काय सांगावं, हे योगेंद्रला कळत नव्हतं. तो फोन ठेवून द्यायचा.

दुपारी पुन्हा सुवर्णाबाई. "योगेंद्रभाऊ, आशियाचं पूर्वेचं टोक कुठं गेलं?"

"उजवीकडंच आहे की."

"ते तुटकं आहे. जगाच्या नकाशात त्याचा शेंडा पार डाव्या काठाला येतो. तो घेतलाच नाही तुम्ही."

योगेंद्र चपापला. आशिया कापून घेताना डावीकडं एक तुकडा एकटाच पडलेला त्याला दिसला होता. छपाईआधी फुटकळ ठिपके पुसायचे, ही हाताची सवय. यानं डाग समजून तोही पुसला होता.

"कापणाऱ्यानं तिथं कापलं म्हणून तो तिकडं पडला, एवढंच," बाई म्हणाल्या. "जोडा परत."

त्यानं तुकडा आणून उजवीकडं लावला. काठाला काठ बरोबर बसला. त्याला स्वतःचीच लाज वाटली. मग त्यानं हेमराजला फोन लावला.

"उद्या रोट खावाले ये."

पलीकडं लूमचा खडखडाट चालू होता. त्यातूनच हेमराज म्हणाला, "मनी मूठ शे का?"

"शे," योगेंद्र बोलून गेला, आणि तसाच उठून नवागामला पळाला.

घरात शिरला तर मालतीबाई पीठ चाळत बसलेल्या. दळण झालं होतं. मूठ टाकायची वेळ टळली होती.

"माय, हेमराजनी मूठ..."

"ती ते मी सकायलेच टाकी दिधी," चाळण न थांबवता त्या म्हणाल्या. "तुना तोंडमाईन आयकानं व्हतं."