वाडीने दिलेली करिष्माची परीक्षा

मित्रांनो, काटा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कांदे-बटाटे येत असतील, तर ते आधी बाजूला सारा. मी जुना आहे, टांगता आहे, माझ्या चकतीचा पांढरा रंग कधीच पिवळा पडला आहे. पण भाजीपाल्याशी माझा संबंध कधी आला नाही. मी बाळांचं वजन करतो. वरच्या कडीला दोरी, खालच्या हुकाला कापडाची झोळी आणि झोळीत एक रडणारं बाळ, एवढाच माझा संसार. रडणारं म्हणतो, कारण हसत हसत झोळीत बसलेलं बाळ मला अजून भेटायचं आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोटात एक मजबूत स्प्रिंग बसवली, तोंडावर काच लावली, आणि एका चष्मेवाल्या माणसाने वजनं अडकवून माझा काटा बरोबर जागेवर थांबतो की नाही ते पाहिलं. मग खोक्यात भरून मला लोणावळ्याच्या एका रुग्णालयात धाडलं. त्या रुग्णालयाची गाडी तेव्हा मावळातल्या डोंगरवाड्यांवर फिरायची आणि गाडीबरोबर असायच्या शालन सिस्टर. बाई मोठी कडक, पण हात मऊ. आंब्याची फांदी असो की शाळेच्या पडवीची तुळई, जागा मिळेल तिथे त्या मला टांगत.

वाडीवरच्या आज्यांचा माझ्यावर भारी राग होता. "लेकराला तोलू नका, नजर लागंल," असं म्हणत त्या बाळाला पदराआड घेत. शालन सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी काजळाची डबी पुढे केली आणि म्हणाल्या, "मग आधी ह्या काट्यालाच तीट लावा. नजर लागली तर त्याला लागू दे." झालं! तेव्हापासून माझ्या काचेच्या कोपऱ्यात काळा ठिपका कायमचा बसला. माझं कौतुकही खूप झालं. बाळ अंगाने भरलं की आया माझ्याकडे बघून हसायच्या, जणू ते मीच भरवलं होतं.

मग शालन सिस्टर निवृत्त झाल्या आणि बॅटरीवर चालणारा नवा काटा आला. चपटा, गुळगुळीत, आकडे लाल दिव्यात दाखवणारा. मला एका कपाटात मोडक्या सलाइन-स्टँडच्या शेजारी ठेवलं. नवी विटी, नवं राज्य! मला वाईट वाटलं, हे मी लपवणार नाही. कपाटाबाहेर बाळं रडत आणि मला तिथून त्यांच्या आवाजावरून वजनाचा अंदाज करत बसावं लागे.

त्या कपाटातून मला बाहेर काढलं ते करिष्मा सिस्टरने. करिष्मा त्याच रुग्णालयात परिचारिका. लोहगडाच्या पलीकडच्या उतारावर एक वाडी आहे, तिथली ती मुलगी. त्या वाडीतून नर्स झालेली ती पहिलीच. तिचा नवरा संदीप लोहगडवाडीला गड चढणाऱ्यांसाठी पिठलं-भाकरीची टपरी चालवतो. घर, नोकरी, सगळं बेताचं पण नीट चाललेलं. असं असताना तिने नर्सिंगची पुढची पदवी, एम.एस्सी., करायचं मनावर घेतलं.

"नर्स तर हायेस की. आता आनखी काय शिकायचं?" तिच्या आईने, चिंगीने, विचारलं होतं.

करिष्माचं उत्तर तयार होतं. रुग्णालयाची स्वतःची नर्सिंगची शाळा आहे. तिथे डोंगरातल्या वाड्यांवरच्या मुली शिकायला येतात आणि बावरून जातात. त्यांच्या बोलीला कुणी हसतं, इंग्रजी पुस्तकं कळत नाहीत, मग एक दिवस पेटी उचलून त्या घरी निघून जातात. करिष्माला त्या शाळेत शिक्षिका व्हायचं होतं. तशी एक जागा रिकामी होणार होती आणि त्या वर्षी पदवी हातात असेल तरच ती तिला मिळणार होती. म्हणून आठवडाभर तळेगावच्या बाजूला कॉलेज आणि शनिवार-रविवार वॉर्डात ड्युटी, अशी तिची ओढाताण सुरू झाली. घोरावाडी स्टेशनवर गाडीची वाट बघत ती उभ्या उभ्या पुस्तक वाचायची. वॉर्डात नवखा डॉक्टर अडला की तिला विचारायचा आणि कॉलेजात हीच बाई तास चुकला म्हणून बोलणी खायची. हे दोन्ही एकाच जिवाने सोसणं सोपं नाही, मित्रांनो.

पदवीसाठी एक प्रबंध लिहावा लागतो. करिष्माने विषय घेतला: पहिले सहा महिने बाळांना काय पाजलं जातं आणि त्यांचं वजन कसं वाढतं. त्यासाठी तिने आपली वाडी निवडली आणि महिन्यातून एकदा रजा काढून तिथे जायचं ठरवलं. वाडीवर सपाट जमीन कमी, आणि नव्या काट्यावर बाळ पाय झाडू लागलं की लाल आकडे नुसते नाचत. म्हणून माझी आठवण झाली. तिने माझा हुक घासला, तेलाचं बोट दिलं, नवी झोळी शिवली. पिशवीतून डोकं बाहेर काढून मी तिच्याबरोबर गाडीत बसलो, तर समोरची बाई म्हणाली, "ताई, भाजी कुठल्या बाजाराला नेता?" मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

वाडीवर पोचल्यावर मात्र आमचा थाट होता. करिष्माच्या अंगावर कॉलेजचा पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र. चिंगीने शेजारून प्लास्टिकची खुर्ची मागून आणली आणि स्वतःच्या लेकीला तीवर बसवलं. बाया खाली जमिनीवर. करिष्मा कागदावरचे प्रश्न वाचायची आणि बाया उत्तरं द्यायच्या.

"बाळाला आईच्या दुधाशिवाय दुसरं काही देता का?"

"न्हाई मॅडम. सहा महिने फकस्त आईचं दूध. पानीसुदिक न्हाई."

मॅडम! काल-परवापर्यंत जिला "करिष्मे" म्हणून हाका मारल्या, ती आता मॅडम झाली होती. तिला ते टोचलं, पण प्रश्न पुष्कळ उरले होते.

उत्तरं इतकी छान आली की कॉलेजातल्या तिच्या मार्गदर्शक सुहास मॅडम खूश झाल्या. फक्त एक गोष्ट जुळेना. सगळ्या बाया सांगतात की बाळ आईच्याच दुधावर आहे, आणि माझा काटा मात्र महिन्यामागून महिना सरकायलाच तयार नाही. बाळं वाढायला हवी तशी वाढत नव्हती. तुम्हाला काय वाटतं, करिष्माला कुणाचा संशय आला? माझा! एवढ्या वर्षांच्या इमानी नोकरीनंतर माझा! तिने वडगावच्या एका वाण्याकडून शिक्का मारलेली वजनं मागून आणली आणि एकेक करून माझ्या हुकाला लावली. मी तसूभरही चुकलो नाही. मग तिने उत्तरांचे कागद पुन्हा काढले.

उलगडा पुढच्याच खेपेला झाला. सृष्टी नावाची तरुण बाळंतीण त्या दिवशी कामावर गेली होती. तिच्या बाळाला घेऊन तिची आजेसासू आली. म्हातारी खुर्चीसमोर ताठ बसली, प्रश्न ऐकला आणि शाळेत कविता म्हणावी तसं सुरू केलं: "सहा महिने फकस्त आईचं दूध..." आणि तिथेच अडकली. डोकं खाजवलं. मग मागे वळून जोरात म्हणाली, "चिंगे, फुडलं काय व्हतं गं?"

सगळ्या बाया एकदम खाली बघायला लागल्या. चिंगीने तोंडाला पदर लावला.

मित्रांनो, झालं होतं असं. लेकीची परीक्षा आहे, हे चिंगीला ठाऊक होतं. ती प्रश्न विचारते आणि उत्तरं लिहून कॉलेजात नेते, म्हणजे हीच ती परीक्षा, असं तिने धरलं. उत्तर चुकलं की मार्क गेले! म्हणून दवाखान्याच्या भिंतीवरच्या चित्रात काय लिहिलं आहे ते तिने एका शाळकरी पोरीकडून वाचून घेतलं आणि पाण्याच्या टाकीपाशी सगळ्या बायांकडून पाठ करून घेतलं. वाडीची पोरगी नापास होता कामा नये, म्हणून बायांनीही मन लावून पाठ केलं. त्यात कुणाचाही स्वार्थ नव्हता.

"आये, काय केलंस हे!" करिष्मा कोटाच्या बाहीने डोळे पुसत म्हणाली.

"तुजं चांगलं व्हावं म्हनून केलं गं," चिंगी रडवेली झाली. "चुकलं का आमचं?"

संदीपने संध्याकाळी टपरी आवरता आवरता सगळं ऐकून घेतलं. "देऊन टाक हाय तसं," तो म्हणाला. "हितं तपासायला कोन येतंय? मॅडम खूश हायेत, न्हाईतर जागा हातातली जाईल."

त्याचं म्हणणं चूक तरी कसं म्हणू? कुणी आलं नसतं. करिष्मा दोन दिवस उत्तरांचे कागद पुन्हा पुन्हा चाळत राहिली. मी पिशवीत पडून होतो. मग तिने मला उचललं, थेट कॉलेज गाठलं आणि सुहास मॅडमपुढे सगळं सांगून टाकलं.

मॅडमनी उत्तरांचे कागद बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "पुन्हा सगळं करायचं म्हणजे तुझी पदवी सहा महिने मागे पडेल. ती जागा तोवर थांबणार नाही, करिष्मा."

"माहीत आहे, मॅडम. पण ही उत्तरं खरी धरली तर ती बाळं का वाळताहेत, हे कुणीच शोधणार नाही."

जागा गेली. ती दुसऱ्या कुणाला मिळाली आणि करिष्माने त्या बाईंचं हसून अभिनंदन केलं. घरी येऊन मात्र ती रडली.

पुढच्या खेपेला आम्ही वाडीवर गेलो तेव्हा कोट नव्हता. खुर्ची आली होती, ती करिष्माने परत पाठवली. ती बायांमध्ये फतकल मारून बसली, सृष्टीचं बाळ मांडीवर घेतलं आणि आपल्या बोलीत म्हणाली, "बायांनो, मी तुमची परीक्षा घ्यायला आली न्हाई, आन् तुमी माजी द्यायची न्हाई. काय चुकीचं न्हाई, काय बरोबर न्हाई. घरात जे व्हतं तेवडंच सांगा."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि मग सगळ्यांच्या मागे बसलेली चिंगी बोलली.

"तुज्या आदी एक पोरगा व्हता मला."

करिष्माने मान वर केली. हे तिने जन्मात कधी ऐकलं नव्हतं.

"भातलावनीला दुसऱ्याच्या वावरात जायची मी," चिंगी सांगत राहिली. "दिसभर. सासू त्याला गुळाचं पानी पाजायची. तिचं तरी काय चुकलं? पोर रडायचं, घरात दुसरं काय व्हतं? वाळत गेला. दिवाळी न्हाई बगितली त्यानं."

"आये, मला कदी सांगितलं न्हाईस?"

"कुनी इचारलंच न्हाई कदी."

ते बाळ जन्मलं तेव्हा त्या वाडीवर मी नव्हतो, शालन सिस्टर नव्हत्या, रस्तासुद्धा नव्हता. त्याचं वजन कुणी केलं नाही. करिष्मा उठली, आईजवळ जाऊन बसली आणि तिचा हात हातात घेतला. मग सृष्टी हळूच म्हणाली, "मी बी बंगल्यावर साफसफाईला जाते, ताई. पाव्हनं शनिवार-रविवारचं येत्यात. तवा आजी च्यात बिस्कूट भिजवून देती." तिच्या पाठोपाठ दुसरी बोलली, मग तिसरी. त्या दिवशी मला कुणी टांगलंच नाही. मी झोळीवर पडून ऐकत होतो.

करिष्माला पदवी उशिरा मिळाली. शाळेतली जागा अजून मिळालेली नाही; ती वॉर्डातच आहे. पण कामावर जाणाऱ्या आयांनी आपलं दूध वाटीत काढून, झाकून घरी कसं ठेवावं आणि आजीने ते चमच्याने कसं पाजावं, हे ती वाड्या-वाड्यांवर दाखवत फिरते. आज्यांना समजवायचं काम चिंगीने स्वतःकडे घेतलं आहे. वाडीतल्या बाया आता करिष्माला मॅडमही म्हणत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला थोडं तेल द्या, गंजू देऊ नका, एवढं मागणं तर आहेच. पण दुसरं एक मागणं त्याहून मोठं आहे. तुम्ही खूप शिका, मोठ्या पदव्या घ्या. आणि माणसांना काही विचारायला जाल तेव्हा त्यांच्या शेजारी जमिनीवर बसा. तुमच्याही घरात एखादी चिंगी असेल. ती कधीतरी काही सांगायला तोंड उघडेल. तेव्हा हातातलं काम ठेवून द्या आणि ऐका. आमच्या चिंगीला तर त्या बाळाचं नाव काय ठेवलं होतं, हेसुद्धा आजवर कुणी विचारलं नव्हतं. करिष्माने विचारलं. त्याचं नाव रखमाजी होतं.