सतराव्या कप्प्यातला मुका फोन

मित्रांनो, मी एक जुने लाकडी कपाट आहे. मला दारे नाहीत, कुलूप नाही, आरसा तर नाहीच. आहेत ते नुसते कप्पे, आणि प्रत्येक कप्प्याखाली रंगवलेला एक नंबर. तुमच्या घरच्या कपाटात कपडे असतील, भांडी असतील. माझ्या पोटात मात्र अनेक वर्षे फक्त मोबाईल फोन होते.

माझे लाकूड परदेशातले आहे. चाकणच्या एका कारखान्यात एक मोठे यंत्र आले. ज्या खोक्यात ते आले, त्या खोक्याच्या फळ्या म्हणजे मी. यंत्र आत गेले, खोके बाहेर पडून राहिले. मग दत्तोबा नावाच्या सुतारांनी त्या फळ्या रंध्याने तासल्या, कापल्या आणि मला उभे केले. एका फळीवर छत्रीचे काळे चित्र छापलेले होते. खोके पावसात भिजवू नका, एवढाच त्याचा अर्थ. दत्तोबांनी ती फळी मुद्दाम दर्शनी बाजूला लावली. "राहू दे, तेवढीच शोभा," ते म्हणाले.

माझी जागा गेटपाशी, सिक्युरिटीच्या केबिनला लागून होती. या कारखान्यात पत्रा दाबून गाड्यांचे भाग बनत. प्रेसवर काम करणाऱ्याची नजर जरा हलली, तर पत्र्याबरोबर बोटही जायचे. म्हणून नियम होता की फोन आत न्यायचा नाही. शिफ्टला जाताना प्रत्येकाने आपल्या नंबरच्या कप्प्यात फोन ठेवायचा आणि जेवणाच्या सुट्टीत किंवा सुटल्यावर घ्यायचा.

पहिल्याच दिवशी मला एक कुतूहल लागले, ते आजही गेलेले नाही. माणसे आत कामाला गेली, तरी त्यांचे फोन स्वस्थ बसत नव्हते. कुठला फोन टुक करून हले, कुठला लागोपाठ थरथरत राही, कुठला सरकत सरकत कप्प्याच्या कडेला येई. मला पडदा दिसत नव्हता. माझ्यापर्यंत पोहोचत होती ती फक्त लाकडातून येणारी थरथर. एवढे कोण बोलावते यांना?

हळूहळू मला दोन थरथरींतला फरक कळू लागला. एक लांब आणि चिवट असायची. ती थांबायची, आणि गरज असेल तर पुन्हा यायची. तिच्या पलीकडे एखादा माणूस असायचा. दुसरी आखूड, टुक एवढीच. तिच्या पलीकडे कोणीच नसायचे. कुणीतरी कुठेतरी नाचले, कुणी कशाला अंगठा दाखवला, एवढेच तिचे म्हणणे. आणि अशा आखूड थरथरी लांब थरथरींपेक्षा कितीतरी जास्त होत्या.

माझ्या शेजारी खुर्ची टाकून गेटवरचे रखवालदार उद्धवराव बसत. ते परभणीकडचे. त्यांचा एक पक्का रिवाज होता. एखादा फोन लागोपाठ तीनदा वाजला, की ते उठून त्यावरचे नाव बघत आणि आतल्या फोनवरून त्या माणसाला निरोप देत. तीनदा वाजला म्हणजे घरी काहीतरी आहे, असा त्यांचा हिशेब. घरच्यांनाही हे ठाऊक असे.

उद्धवरावांचा स्वतःचा फोनही माझ्याच शेवटच्या कप्प्यात असे. त्यामागे एक गोष्ट आहे. नातीने त्यांना नवा फोन दिला आणि त्यात कुस्त्या कशा बघायच्या ते शिकवले. एक कुस्ती संपली की दुसरी आपोआप सुरू व्हायची. एके दिवशी गेटबाहेर मालाचा टेम्पो हॉर्न वाजवत उभा, त्याच्यामागे साहेबांची गाडी, आणि उद्धवराव कुस्तीत. साहेबच काचेतून डोकावून म्हणाले, "कोण जिंकलं, उद्धवराव?" त्या दिवसापासून त्यांनी फोन माझ्या हवाली केला.

तेव्हापासून त्यांना एक सवय जडली. जेवणाच्या सुट्टीत फोन घ्यायला कुणी आले की ते विचारत, "कामून?" म्हणजे, कशाला? 'आईला फोन लावायचाय' हे चालायचे. 'पोरीचा शाळेचा मेसेज बघायचाय' हेही चालायचे. 'बघतो जरा' म्हटले की ते हसून हात हलवत. अडवत नसत, पण तो माणूस फोन ठेवायला परत आला की पुन्हा गाठत.

"काय बघितलंस, रविराज?"

"हे आपलं... एक कुत्रं होतं, काका. स्कूटरवर बसलेलं."

"अन् मंग?"

"मग... होतं कायतरी भारी. आत्ता आठवंना."

"जेवलास का?"

"जेवलो की."

"भाजी कशाची व्हती?"

रविराज मागे वळला. त्याने मागच्याला विचारले, "ए भावा, भाजी कशाची होती रे?" मागचाही फोनमधून मान वर काढत होता. त्यालाही सांगता येईना. सगळी रांग हसली. रविराजही हसला.

मी मात्र विचारात पडलो. जे लाकूड आहे, त्याला भाजीची चव कळत नाही. पण ज्याला कळते, त्याने जेवूनही ती विसरावी? मग त्या फोनमध्ये असे काय होते? बरे, ते जे काय होते, तेही लक्षात राहिलेले नव्हते.

आता सतराव्या आणि अठराव्या कप्प्याबद्दल सांगतो. सतरावा रणजीतचा, अठरावा विजयश्रीचा. ही नवरा-बायको एकाच दिवशी कामाला लागली होती. तो प्रेसवर, ती तयार भागांच्या तपासणीत. मेदनकरवाडीत कुसुमताईंच्या खोलीत ते भाड्याने राहत. घरी रणजीतची आई सगुणाबाई आणि पहिलीत जाणारी त्यांची मुलगी तेजल. वर्षभरात आपण कायम होऊ, या आशेवर रणजीत होता.

त्याचा फोन सगळ्यांत जास्त थरथरायचा. बायकोच्या कप्प्यातली फळीसुद्धा त्याने हलायची. आणि एका सोमवारपासून तो अगदी मुका झाला. लांब नाही, आखूड नाही, काही नाही. ठेवलेला फोन नेहमीपेक्षा जाडही वाटत होता. मला नवल वाटले. पण कप्प्यात फोन दिसत होता, म्हणून कुणी काही विचारले नाही, आणि मला विचारता येत नाही.

पुढे एका दुपारी अठरावा कप्पा वाजू लागला. लांब, चिवट थरथर. थांबली. पुन्हा वाजली. तिसऱ्यांदा वाजताच उद्धवराव उठले. पडद्यावरचे नाव त्यांनी मोठ्याने वाचले, 'कुसुमताई घरमालकीण'. त्यांनी तपासणी विभागात निरोप दिला. विजयश्री हातमोजे काढत पळत आली आणि तिने फोन उचलला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"अगं, कवाधरनं लावतीय! तुझ्या सासूबाई येड्यावानी बोलाय लागल्यात. अंग घामानं चिंब हाय. हात थरथरत्यात. मला वळखंना!"

"ताई, त्या बसल्यात का? पाणी गिळता येतंय का त्यांना?"

"व्हय, भिताडाला टेकून बसल्यात. मी म्हनलं, जरा पडू द्यावं, झोप लागंल..."

"नाही, नाही! झोपवू नका. आधी पाण्यात तीन चमचे साखर विरघळवा आणि पाजा. शुगरची गोळी घेतली असणार आणि जेवल्या नसणार, म्हणून शुगर एकदम उतरलीय. फोन बंद करू नका, मी इथंच आहे."

सगुणाबाईंना शुगर निघाली, तेव्हा विजयश्रीने याच फोनवर एका डॉक्टरांचा व्हिडिओ शोधला होता. दोनदा नीट ऐकला होता आणि फोन बाजूला ठेवला होता. ही खूण तिला त्यातूनच ठाऊक झाली होती. हे तिने नंतर उद्धवरावांना सांगितले.

पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही. विजयश्रीने एका हाताने माझी कड घट्ट धरली होती. ती पकड मला कुठल्याही फोनच्या थरथरीपेक्षा जास्त जाणवत होती.

शेवटी कुसुमताई बोलल्या, "वळखलं गं मला! 'कुसुम, पाण्याचा टँकर आला का,' म्हनल्या!"

विजयश्रीने माझी कड सोडली. मग म्हणाली, "रिक्षा करून त्यांना दवाखान्यात घेऊन चला, ताई, मी निघालेच. पण तुम्ही ह्यांना का नाही लावला?"

"लावला की! आदी त्यालाच लावला, तीनदा. रिंग जातीय, पन उचलीत न्हाई."

उद्धवराव माझ्याकडे वळले. "सतरा नंबर तर वाजलाच नाही."

विजयश्रीने सतराव्या कप्प्यात हात घातला. बाहेर आला एक फुगलेला, काच तडकलेला, केव्हाचाच मेलेला फोन. तिने तो उलटासुलटा करून पाहिला.

"हा तर माझा जुना. तेजलनं बादलीत पाडलेला."

मित्रांनो, मग सगळा उलगडा झाला. गेटवरच्या तपासणीत कप्पा रिकामा दिसू नये, म्हणून रणजीत बिघडलेला फोन माझ्याकडे ठेवत होता आणि चालू फोन बुटात लपवून आत नेत होता. आपण फार हुशारी केली, असे त्याला वाटले असणार.

उद्धवराव हळू आवाजात म्हणाले, "काय करू, लेकी? वर सांगू का? त्याचं कायम व्हायचं हाय."

विजयश्रीने पदराने तोंड पुसले. "तुमचं काम तुम्ही करा, काका. माझं मी घरी करते." आणि ती गेटबाहेर पडली.

रणजीतला निरोप गेला, तेव्हा तो धावत आला. आई बरी आहे, एवढे आधी उद्धवरावांनी सांगितले. मग तो माझ्या शेजारी उकिडवा बसला.

"फोन माझ्या हातातच होता, काका. बाथरूमात होतो. कुसुमताईंचं नाव वर आलं. मला वाटलं, टँकर आला असंल. त्या टँकरलाच फोन करत्यात. बोटानं वर ढकललं."

"तिन्ही बार?"

"तिन्ही बार."

"बघत काय व्हतास?"

रणजीत म्हणाला, "एक माणूस गंजलेलं कुलूप साफ करत होता."

"उघडलं का?"

"शेवट बघितलाच नाही. त्याच्या आधीच पुढचं सरकवलं."

उद्धवराव हसले नाहीत. मलाही ते कुलूप अनेक दिवस छळत राहिले. आईसाठी आलेला फोन डावलून जे पाहिले, त्याचाही शेवट न पाहता माणूस पुढे का जातो? पुढच्यात काय असेल, या ओढीने जात असावा. कुतूहल ही चांगली गोष्ट आहे, मी स्वतः त्याच्यावरच जगलो. पण माझे कुतूहल एका प्रश्नापाशी थांबून राहते. त्या फोनमधले कुतूहल कुठेच थांबत नाही, म्हणून त्याला काही सापडतही नाही.

रणजीतला लेखी समज मिळाली, आठवडाभर घरी बसावे लागले, आणि कायम होणे लांबले. तो परत आला त्या सकाळी त्याने चालू फोन सतराव्या कप्प्यात ठेवला. त्या दिवशी तो फोन फार थरथरला. जेवणाच्या सुट्टीत रणजीत दोनदा माझ्यापाशी आला. उद्धवरावांनी विचारले, "कामून?" आणि तो तसाच परत गेला. तिसऱ्यांदा आला, तेव्हा म्हणाला, "आईला विचारतो, जेवली का." मग बोलणे झाल्याबरोबर त्याने फोन परत ठेवला.

काळ बदलतो तसे माझेही दिवस संपले. कारखान्यात दार असलेली लोखंडी कपाटे आली. चकचकीत, मजबूत, आणि बहिरी. आतला फोन तीनदा वाजला, तरी बाहेर ऐकू येत नाही. मला भंगाराच्या ढिगाशेजारी ठेवले गेले. उन्हाने माझ्या फळ्या वाकल्या, छत्रीवर पाऊस पडला. ज्यांचे फोन मी सांभाळले, ते माझ्यासमोरून फोनमध्ये बघत जात. रणजीत मात्र थांबला. त्याने साहेबांची परवानगी घेतली आणि दत्तोबांना बोलावले. दत्तोबांनी माझा एक तुकडा कापला, छत्री असलेला.

आता मी फक्त चार कप्प्यांचा उरलो आहे आणि कुसुमताईंच्या त्या खोलीत दाराशेजारी भिंतीवर आहे. एकात रणजीतचा फोन, एकात विजयश्रीचा. एकात सगुणाबाईंच्या गोळ्या आणि खडीसाखरेची डबी. चौथ्यात तेजलचे खडू. संध्याकाळी कुणी फोनकडे हात नेला, की खडूने रंगलेला अंगठा नाचवत तेजल विचारते, "कामून?" कारण असेल, तर फोन मिळतो. एकदा तिच्या आजीने सांगितले, "माझ्या भावाच्या नातवाचं बारसं बघायचंय," तेव्हा सगळ्यांनी मिळून ते पाहिले, अगदी शेवटपर्यंत. रणजीत कधी कधी कारणाशिवायही हात घालतो. मग स्वतःच हसून हात मागे घेतो. कधी घेतही नाही. सवय एका दिवसात लागत नाही, तशी ती एका दिवसात जातही नाही.

परवा जेवताना त्याच्या फोनची आखूड थरथर चालू होती. टुक, टुक. कुणी वळून पाहिले नाही. मग लांब, चिवट थरथर आली. पहिल्याच रिंगला रणजीत हातातला घास ठेवून उठला.

"बोला, कुसुमताई! काय झालं?"

"काय व्हायचंय? टँकर आलाय. घागरी घिऊन ये!"

सगुणाबाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

मित्रांनो, फोन वाईट आहे असे मी म्हणणार नाही. विजयश्रीच्या फोनने त्या दुपारी काय केले, ते मी माझ्या लाकडात साठवून ठेवले आहे. माझी विनंती एवढीच आहे. हात फोनकडे जाईल, तेव्हा क्षणभर थांबा आणि उद्धवरावांसारखे स्वतःलाच विचारा. उत्तर मिळाले, तर खुशाल उघडा आणि काम झाले की ठेवा. उत्तर मिळाले नाही, तर समोरच्या ताटात भाजी कशाची आहे, ते बघा. आणि घरी एखादी फळी रिकामी असेल, तर तिला दार मात्र लावू नका. आपले माणूस हाक मारील, तेव्हा ती ऐकू आली पाहिजे.