हातावर दही

गांबियाचा बेत ठरला त्या दिवशी पद्माकररावांच्या पाठीला पहिलं पीस फुटलं. हेमलताबाईंनी ते पंच्याने टिपून कोरडं केलं.

"अहो, थंडी वाजत नाही ना?"

"छे! तिकडे ऊनच असतं," पद्माकरराव म्हणाले.

"आता त्यांना मनासारखं करू द्या," असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून देवऱ्यांच्या घरात हा एकच विषय होता. सगळा जन्म धुळ्यात गेला आणि म्हातारपणी हौस कसली, तर आफ्रिकेच्या पश्चिम टोकाच्या चिमुकल्या देशाची! आधी समुद्रकिनारा, मग नदीतून होडीने माकडं, पाणघोडे, पक्षी. हॉटेलातली समुद्राकडची खाट कोणाची, यावरून नवराबायकोचं कडाक्याचं वाजलंसुद्धा. बाजारात तुरी म्हणतात ते असं. पण त्या भांडणानंतर पद्माकरराव पोटभर जेवले, म्हणून हेमलताबाई रोज नव्याने भांडू लागल्या.

जेवणाच्या टेबलावर नकाशा कायमचा पसरलेला असे. देश मुळातच नदीच्या दोन्ही काठांनी लांबच लांब, पडवळासारखा. रोज सकाळी तो आणखी अरुंद झालेला दिसे. आधी रस्ते गेले, मग गावं. इकडे पद्माकररावांचे खांदे पांढऱ्या पिसांनी भरत चालले होते, आणि वजन इतकं उतरलं होतं की पंखा लावला की ते खुर्ची घट्ट धरून बसत.

गुरुवारी ट्रॅव्हलवाल्या निनादचा फोन आला.

"काकू, जरा अडचण आहे. देश फारच अरुंद झालाय. आता एकच जण मावेल."

"मग आम्ही दोघंही जात नाही."

"काकांचं रद्द होत नाही, काकू. त्यांना आता सीट लागतच नाही."

"आणि माझं?"

"तुमचं मी केलं रद्द."

हेमलताबाईंना त्या देशाचा असा संताप आला की त्या नकाशाची घडीच घालू लागल्या. घडीतून ओली वाळू सांडली. केरसुणीने ती लोटत त्या गॅलरीत गेल्या, तर समुद्र कठड्याला येऊन लागला होता.

पद्माकरराव कठड्यावर बसले होते. "भरती आहे तोवर निघायला हवं," ते म्हणाले. "रडू नकोस गं हेमा. समुद्राकडची खाट तू घे."

"मला नको मेली खाट! तुम्ही परत या," हेमलताबाई म्हणाल्या. "थांबा, असेच जाऊ नका."

त्या स्वयंपाकघरात धावल्या. हातावर दही घातल्याशिवाय त्यांनी घरातल्या कोणाला कधी प्रवासाला जाऊ दिलं नव्हतं. दही खाऊन निघालेलं माणूस परत येतं, असं त्यांची आई म्हणायची. पद्माकररावांना ऑपरेशनसाठी मुंबईला नेलं तेव्हाही त्यांनी दही घातलं होतं, आणि ते परत आले होते.

रात्री विरजलेलं दही छान घट्ट लागलं होतं. चमचाभर घेऊन त्या गॅलरीत आल्या.

"करा बघू हात पुढे."

पद्माकररावांनी निमूटपणे एक पंख पुढे केला. मग तो मागे घेऊन दुसरा केला.

कठड्यापासून पाणी ओसरू लागलं होतं. हेमलताबाईंनी चमचा उजव्या हातात सांभाळला आणि डाव्या हाताने त्या पिसांमध्ये तळहात शोधू लागल्या.