उलटा बसवलेला पंखा

मी एक जुना पंखा आहे. छताला लटकून ऐटीत गरगरणारा नव्हे हं! त्या मंडळींच्या खाली लोक पाय ताणून झोपतात, त्यांचा थाट वेगळा. मी भिंतीतल्या भोकात राहतो आणि खोलीतली खराब हवा बाहेर टाकतो. लोक मला एक्झॉस्ट म्हणतात. माझ्याकडे सहसा कुणी बघत नाही आणि बघितलंच तर "शी, केवढा मळलाय!" म्हणून मोकळे होतात. मळणार नाही तर काय, मित्रांनो? तुमची सगळी घाण माझ्या तोंडावरून जाते.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. तीन पाती, आत तांब्याची तार आणि चौकटीवर एक छोटा लाल बाण. हवा कुठल्या बाजूला जाणार, हे त्या बाणावरून कळायचं. मला त्याचा भारी तोरा होता.

लाकडी फर्निचरला पॉलिश करणाऱ्या एका कारागिराने मला घरी नेलं. घर दोन खोल्यांचं. पुढे स्वयंपाक आणि झोपणं, मागे काम. थिनरचा उग्र वास, व्हर्निशची वाफ, सगळं ओढून मी मागच्या गल्लीत फेकायचो. कारागिराची सात वर्षांची मुलगी तिथेच खोक्यावर बसून अभ्यास करायची. अभ्यास कसला, नुसती बडबड! म्हणून घरात तिला 'रेडिओ' म्हणायचे.

"अगं, मध्ये श्वास तरी घे!" तिची आई ओरडायची.

"श्वास घेतला की बाबा मध्ये बोलतात," ती म्हणायची आणि पुढची गोष्ट सुरू करायची. मला ते दिवस फार आवडायचे.

काही वर्षांनी माझी पाती चिकट झाली. कारागिराने मला खाली उतरवलं, रॉकेलने पुसलं. इथवर ठीक होतं. पण तो पडला पॉलिशवाला! हातात आलेली वस्तू चमकवल्याशिवाय खाली ठेवायची म्हणजे त्याला पाप वाटायचं. त्याने माझ्या चौकटीला काळा कुळकुळीत रंग दिला, एकावर एक तीन हात. शेजारपाजारचे म्हणाले, "वा, पंखा आहे की आरसा!" मीही फुगलो. माझा बाण रंगाखाली गेला, याचं मला भानच राहिलं नाही.

बसवताना कारागिराने क्षणभर डोकं खाजवलं आणि मला उलटा बसवला.

बटण दाबलं. गल्लीतली सगळी धूळ मी भसाभस आत ओढली. समोर सकाळीच व्हर्निश दिलेलं एक ओलं कपाट उभं होतं, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईकाकडे जाणारं. त्याच्यावर धूळ बसली ती बसलीच.

"या मेल्याने माझं नाक कापलं!" कारागीर कडाडला. त्याने माझ्या तोंडावर प्लायवूडची फळी ठोकली आणि फटी बुजवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. खरं सांगू? मला अजून वाटतं, त्या दिवशी मी अडून बसायला हवं होतं. फिरायलाच नको होतं. पण फिरण्याची खोड वाईट.

फळीमागे मला दिसेनासं झालं, पण ऐकू येत होतं. आता कपाटांवर धुळीचा कण नसायचा, गिऱ्हाईकं खूश असायची. काही महिन्यांनी खोकला ऐकू आला. बारीक, कोरडा. रेडिओच्या गोष्टी अर्ध्यावर थांबू लागल्या. डॉक्टरांकडून आल्यावर आई सांगत होती, "धुळीपासून जपा म्हणाले."

पॉलिशबद्दल डॉक्टरांना कुणीच सांगितलं नव्हतं. लपवलं नाही हो, मित्रांनो! त्या घरातल्या माणसांना तो वासच येईनासा झाला होता. मग धूळ नको म्हणून त्यांनी खिडक्या लावल्या. आणि घरात सगळ्यात कमी धुळीची खोली कुठली? मागची! पोरीचं अंथरूण तिथे, सुकत्या टेबलांच्या शेजारी घातलं. मी फळीमागून किती तळमळलो असेन! दोन वर्षं हे असं चाललं.

मग एक दिवस तिची मावशी राहायला आली. दारातच पिशवी टाकून म्हणाली, "अगं ताई, केवढा हा वास! डोळे चुरचुरतायत माझे! तुम्ही राहता कसे इथे?"

"कसला वास? तुझं आपलं काहीतरीच."

तेवढ्यात रेडिओ थांबत थांबत बोलली, "मावशी, शाळेत... मला बरं वाटतं. घरी आलं की... दम लागतो."

"ऐकलंत का, भावोजी? आधी ती फळी काढा!"

"धूळ येईल हो. कपाट ओलं आहे."

"कपाट पुन्हा घासता येतं!"

कारागीर पक्कड घेऊन आला. त्याने स्वतः खिळे उपटले. इलेक्ट्रिशियन आला, त्याने माझी चौकट खरवडली आणि हसला, "अहो, हा उलटा बसवलाय. हा बघा बाण."

"मीच रंगवला होता," कारागीर म्हणाला आणि मला सुलटा बसवायला त्याने हात दिला.

डॉक्टरांना आता सगळं सांगितलं गेलं. खोकला कमी होईल, पण छाती नाजूकच राहील, औषधाचा पंप जवळ ठेवावा लागेल, असं ते म्हणाले. कारागिराने पॉलिशचं काम घरातून हलवून गल्लीच्या टोकाच्या उघड्या शेडमध्ये नेलं.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या माझ्या भावंडांना पुसत जा. बसवल्यावर कागदाचा एक कपटा समोर धरून बघा. तो जाळीकडे ओढला गेला तर आमचं बरं चाललंय. आणि पाहुण्याने घरातल्या वासाबद्दल काही म्हटलं तर रागावू नका. तुमच्या नाकाला सवय झालेली असते, त्याच्या नाकाला नसते.

परवा शाळेत धावण्याच्या शर्यती होत्या. रेडिओ घरी आली ती हसतच. "बाबा, मला शेवटच्या रेषेवर... दोरी धरायला दिली होती. सगळे... माझ्याकडेच धावत आले!"

"वा गं वा," कारागीर म्हणाला आणि मागच्या खोलीत आला. तिथे आता काही काम नसतं, वासही नाही. तरी त्याने माझं बटण दाबलं आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी जिवाच्या आकांताने फिरलो. पण मित्रांनो, मला फक्त खोलीतली हवा बाहेर काढता येते.